१२ ने किती वेळा भाग जातो? मूळ अवयव आणि घातांक शिकवतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत, नववीच्या मुलामुलींसाठी शाळा सुटल्यावर चालणाऱ्या ऐच्छिक गणित वर्गातले आहे. गावाचा, शाळेचा आणि संबंधित व्यक्तींचा नामोल्लेख टाळला आहे. वर्ग शाळेतील गणिताच्या बाई घेत असत, आणि त्याच शाळेत शिकून पुढे अभियांत्रिकीला गेलेला एक माजी विद्यार्थी, ज्याला सगळी मुले दादा म्हणत, सुट्टीत गावी आला की त्यांच्या मदतीला येत असे. वर्गासमोर गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या टप्प्याची परीक्षा होती. या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ०० ते ९९ यांमधील पूर्णांक असते आणि तेवढेच उत्तरपत्रिकेवर गोल काळे करून नोंदवायचे असते, त्यामुळे उत्तरापर्यंत विद्यार्थी कोणत्या विचाराने पोचला हे परीक्षकाला दिसत नाही. पुढे जे घडले त्यात या एका गोष्टीचा वाटा बराच मोठा आहे.

मुलांची तयारी कच्ची होती असे म्हणता येणार नाही. विभाज्यतेच्या कसोट्या त्यांना तोंडपाठ होत्या, मसावि आणि लसावि ती सहज काढत, संख्येचे मूळ अवयव पाडता येत आणि घातांकांचे नियमही आठवीत होऊन गेले होते. मात्र या चारही गोष्टी त्यांच्या डोक्यात चार वेगळ्या प्रकरणांच्या रूपाने राहिल्या होत्या. विभाज्यतेचा प्रश्न आला की कसोटी लावायची आणि लसावि विचारला की अवयव पाडायचे, अशी वाटणी पक्की झाली होती.

अडचण

सराव चाचणीतील तीन प्रश्नांनी ही वाटणी उघडी पाडली. पहिला प्रश्न सोपा वाटावा असा होता: एका संख्येला ४ ने आणि ६ ने निःशेष भाग जातो, तर तिला २४ ने भाग जाईलच का? जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’ लिहिले. १२ ही संख्या समोर असूनही ती कुणी तपासून पाहिली नाही. याचे कारण पाठ केलेल्या कसोट्यांत सापडते. ३ ने आणि ४ ने भाग जात असेल तर १२ ने जातो, ३ ने आणि ५ ने जात असेल तर १५ ने जातो, असे वर्षानुवर्षे म्हणताना त्या दोन संख्या सहमूळ असाव्या लागतात, म्हणजे १ खेरीज त्यांचा सामाईक विभाजक नसावा लागतो, ही अट मागेच गळून पडली होती.

दुसरा प्रश्न असा होता: क्ष या धन पूर्णांकाच्या वर्गाला ३६० ने निःशेष भाग जातो, तर क्ष ला नक्की भाग जाईल अशी मोठ्यात मोठी संख्या कोणती? यावर तीन प्रकारची चुकीची उत्तरे आली आणि तिन्ही वेगवेगळ्या विचारांतून आलेली होती. काहींनी ३६० हेच उत्तर दिले. वर्गाला जातो म्हणजे मूळ संख्येलाही जातो, असा त्यांचा समज. काहींनी ३६० चे वर्गमूळ अंदाजे काढून १८ लिहिले. तिसऱ्या गटाने अवयव बरोबर पाडले होते, म्हणजे ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५, त्यानंतर ३, २ आणि १ या घातांकांची निम्मी करताना अपूर्णांक सोडून १, १ आणि ० घेतले आणि उत्तर ६ आले. बरोबर उत्तर ६० आहे. बाईंच्या मते या तिसऱ्या गटाची चूक सर्वांत मोलाची होती, कारण ती मुले योग्य रस्त्यावर होती आणि शेवटच्या वळणावर उलट दिशेला गेली होती.

तिसऱ्या प्रश्नात १ ते २५ या सर्व संख्यांच्या गुणाकाराला ६ ने लागोपाठ किती वेळा भाग जातो ते विचारले होते. बहुतेकांचे उत्तर ४ होते, कारण २५ पर्यंत ६ चे विभाज्य ६, १२, १८ आणि २४ असे चारच आहेत. पण ६ तयार होण्यासाठी सहाचा विभाज्यच हवा असे नाही. कुठल्यातरी संख्येतला २ आणि दुसऱ्याच कुठल्यातरी संख्येतला ३ एकत्र आले तरी पुरते. १ ते २५ मध्ये ३ चे आठ विभाज्य आहेत, त्यांपैकी ९ आणि १८ मध्ये ३ दोनदा येतो, म्हणजे ३ एकूण दहा वेळा मिळतो. २ तर बावीस वेळा मिळतो. म्हणून उत्तर १०.

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच उणीव होती. ‘भाग जातो का’ हा प्रश्न मुले हो किंवा नाही अशा उत्तराचा समजत होती. प्रत्यक्षात तो प्रत्येक मूळ संख्येसाठी स्वतंत्रपणे विचारलेला ‘किती वेळा’ असा प्रश्न आहे.

विचारात घेतलेले पर्याय

दादाचे मत असे होते की वेळ थोडा आहे, तेव्हा सरळ सूत्र द्यावे. लेझाँद्र या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी रीत अगदी थोडक्यात सांगता येते: १ ते न या संख्यांच्या गुणाकारात एखादी मूळ संख्या किती वेळा येते हे काढायचे असेल तर न ला त्या मूळ संख्येने भागावे, आलेल्या भागाकाराला पुन्हा भागावे, बाकी दर वेळी सोडून द्यावी, भागाकार शून्य होईपर्यंत हे चालू ठेवावे आणि सगळ्या भागाकारांची बेरीज करावी. परीक्षेत उत्तरच पाहिले जाते, मग सूत्र का चालते हे नंतर सांगता येईल, असे त्याचे म्हणणे होते. ते अविचाराचे होते असे मला वाटत नाही. त्याने स्वतः याच प्रकारे तयारी केली होती आणि त्याला त्याचा फायदाही झाला होता.

कसोट्यांची यादीच वाढवावी, म्हणजे ७, १३ आणि संयुक्त संख्यांच्या कसोट्या द्याव्यात, हा दुसरा पर्याय होता. मुलांना तो आवडला असता, पण चाचणीतील एकही चूक त्याने सुटली नसती, म्हणून तो लगेच बाजूला पडला. संख्या सिद्धांताचा हा भाग सोडून भूमितीकडे वळावे, अशीही एक सूचना होती.

बाईंनी चौथा पर्याय निवडला. सूत्र रोखून ठेवायचे, संख्या हातांनी फोडून घातांकांचा तक्ता करायचा आणि सूत्र त्या तक्त्यातून मुलांनाच सापडू द्यायचे. यात वेळ जाणार होता आणि तो त्यांनी जाणूनबुजून दिला. त्यांचे कारण साधे होते: ज्या मुलांनी सहाच्या प्रश्नात २५ ला ६ ने भागून ४ हे उत्तर दिले, ती मुले लेझाँद्रची रीतही थेट ६ ला लावतील आणि तेच ४ पुन्हा आणतील, कारण ती रीत फक्त मूळ संख्येसाठी चालते ही अट कसोटीतल्या अटीसारखीच गळून पडेल.

आणखी एक निर्णय जाता जाता घेतला गेला. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या अंकगणिताच्या मूलभूत प्रमेयावर सगळा तक्ता उभा आहे. त्याच्या सिद्धतेचा गाभा युक्लिडकडे आहे: मूळ संख्येने एखाद्या गुणाकाराला भाग जात असेल तर त्यातल्या किमान एका अवयवाला तो जातोच. पूर्ण प्रमेय स्पष्टपणे मांडून सिद्ध केले ते गाउसने १८०१ मध्ये. बाईंनी सिद्धता घेतली नाही, मात्र हे सिद्ध करावे लागते एवढे आवर्जून सांगितले. नववीच्या वर्गात याहून जास्त ताणू नये, हा त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो.

केलेली कृती

पहिल्या बैठकीत १ ते ३० या संख्या फळ्यावर उभ्या लिहिल्या आणि शेजारी २, ३, ५ व ७ यांचे रकाने आखले. प्रत्येक संख्येत ती मूळ संख्या किती वेळा येते तो आकडा मुलांनी येऊन लिहायचा. १२ पुढे २, १, ०, ० आणि १८ पुढे १, २, ०, ० असे. मग चाचणीतील पहिला प्रश्न तक्त्याच्या भाषेत मांडला गेला. ४ ला २ चा घातांक किमान २ हवा; ६ ला २ चा किमान १ आणि ३ चा किमान १ हवा. दोन्ही अटी एकत्र केल्या तर २ चा घातांक किमान २ एवढेच ठरते, २ आणि १ मिळून ३ होत नाहीत. एक मुलगा म्हणाला, “बाई, म्हणजे आपण एकच पावती दोनदा दाखवून पैसे मागत होतो.” हे वाक्य पुढे वर्गात रूढ झाले. लसावि काढताना मोठा घातांक का घ्यायचा, हेही याच ठिकाणी अनेकांना प्रथम कळले. आजवर ती नुसती कृती होती.

त्यानंतर तक्त्यातील २ च्या रकान्याची बेरीज करायला सांगितली. ओळीने बेरीज करणाऱ्यांना वेळ लागला आणि दोघातिघांची बेरीज चुकलीही. तेव्हा बाईंनी विचारले की या रकान्यात शून्याहून मोठा आकडा किती ओळींत आहे. उत्तर आले १५. निदान २ असा आकडा किती ओळींत? चौथ्या, आठव्या, बाराव्या अशा ७. निदान ३? ८, १६ आणि २४ अशा ३. निदान ४? फक्त १६ ची ओळ. या चार संख्यांची बेरीज २६, आणि रकान्याची बेरीजही २६. लेझाँद्रची रीत इतकीच आहे: ओळी मोजण्याऐवजी पातळ्या मोजायच्या. ६ ला ती का लागू पडत नाही, हे वेगळे सांगावे लागले नाही, कारण तक्त्यात ६ चा रकानाच नव्हता.

यानंतरचा टप्पा या प्रकरणाचा खरा गाभा आहे. दादाने १ ते १०० च्या गुणाकाराच्या शेवटी किती शून्ये येतात हा प्रसिद्ध प्रश्न घातला. शून्य १० मुळे येते, १० = २ × ५, आणि ५ हा २ पेक्षा कमी वेळा मिळतो, म्हणून फक्त ५ मोजले की पुरे: २० आणि ४ मिळून २४. सगळ्यांना जमले. तिथल्या तिथे मुलांनी त्यातून एक नियम बनवला की मोठी मूळ संख्या मोजली की काम झाले. नियम कुणी फळ्यावर लिहिला नाही, पण पुढच्या प्रश्नात तो दिसला. १ ते ५० च्या गुणाकाराला १२ ने किती वेळा भाग जातो? १२ = २ × २ × ३. मुलांनी फक्त ३ मोजला: १६, ५ आणि १, एकूण २२. उत्तर बरोबर होते.

येथे दोघांत मतभेद झाला. सगळ्यांचे उत्तर बरोबर आहे, तेव्हा पुढे जाऊ, असे दादाचे म्हणणे होते. बाईंनी एका मुलीला २ का मोजले नाहीत असे विचारले. ती म्हणाली, “मोठी संख्या कमी वेळा येते ना, बाई.” या उत्तरावर बाई थांबल्या. ५० पर्यंत २ एकूण ४७ वेळा मिळतो, प्रत्येक १२ ला दोन लागतात, म्हणजे २ च्या हिशोबाने २३ वेळा भाग जाईल आणि ३ च्या हिशोबाने २२ वेळा. दोहोंतील लहान संख्या २२ म्हणून उत्तर जुळले, मुलांच्या कारणामुळे जुळले नाही. बाईंनी हे स्पष्टीकरण त्या वेळी दिले नाही. त्यांनी फक्त ५० च्या जागी ३० लिहिले.

मुलांनी पुन्हा ३ मोजला: १०, ३ आणि १, म्हणजे १४. समोरच्या फळ्यावर तक्ता तसाच होता. काही वेळाने मागच्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली की चौदा वेळा १२ करायचे तर अठ्ठावीस २ लागतील, आणि आपल्याकडे सव्वीसच आहेत. उत्तर १३ होते. ३० पर्यंत २ अपुरा पडतो, ५० पर्यंत ३ अपुरा पडतो, आणि कोण अपुरे पडेल हे दोन्ही बाजू मोजल्याशिवाय सांगता येत नाही. यानंतर मोठ्या मूळ संख्येचा नियम वर्गात कुणी वापरला नाही.

दुसरी अडचण पूर्णांक करतानाच्या दिशेची होती. १२ च्या प्रश्नात ४७ भागिले २ करताना २३ घ्यायचे, म्हणजे खाली यायचे; ३६० च्या प्रश्नात ३ भागिले २ करताना २ घ्यायचे, म्हणजे वर जायचे. मुलांनी हे पाठ करायला सुरुवात केल्यावर बाईंनी ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द वर्गात बंद केले. त्याऐवजी दर वेळी अट पूर्ण वाक्यात लिहायची. क्ष मध्ये २ चा घातांक अ असेल तर क्ष च्या वर्गात तो २अ असतो. २अ किमान ३ हवा, म्हणून अ किमान २. ३ साठी किमान १, आणि ५ साठी, २ × ० = ० हे १ पेक्षा कमी असल्यामुळे, किमान १. म्हणून क्ष मध्ये २ × २ × ३ × ५ = ६० हवेच. ६० चा वर्ग ३६०० असून तो ३६० च्या दहापट आहे, आणि ६० ला ३६० ने भाग जात नाही, तेव्हा ६० च्या पलीकडे काही खात्रीने म्हणता येत नाही. ही तपासणीही लिहून घेतली गेली.

निष्पत्ती

पुढच्या चाचणीत वर्गाच्या जागी घन घातला होता: क्ष च्या घनाला ४३२ ने भाग जातो, तर क्ष ला नक्की कशाने? ४३२ मध्ये २ चा घातांक ४ आणि ३ चा घातांक ३, म्हणून क्ष मध्ये २ चा किमान २ आणि ३ चा किमान १, उत्तर १२. ज्यांनी अट वाक्यात लिहिली त्यांचे उत्तर बरोबर आले. ज्यांनी घाईने नुसते आकडे मांडले त्यांच्यापैकी काहींचे उत्तर ६ आले, म्हणजे जुनी चूक पुन्हा डोकावली. ४ आणि ६ च्या जातीची चूक मात्र जवळपास नाहीशी झाली. परीक्षेतील यशापयशाचा संबंध मी या बैठकांशी जोडत नाही, कारण त्या परीक्षेत या विषयाबाहेरचे बरेच काही असते आणि मुलांनी स्वतंत्र सरावही केला होता.

एक अनपेक्षित परिणामही झाला. तक्ता इतका हाती बसला की मुले तो बेरजेलाही लावू लागली. १२ आणि २० या दोन्ही संख्यांत २ चा घातांक २ आहे, म्हणून त्यांच्या बेरजेतही तो २ च असणार, असे एकाने ठामपणे सांगितले. बेरीज ३२ आहे आणि तिच्यात २ चा घातांक ५ आहे. गुणाकारात घातांकांची बेरीज होते. बेरजेत मात्र दोन घातांक वेगळे असतील तर लहान घातांक टिकतो, आणि समान असतील तर निदान तेवढा असतो, एवढेच सर्व मूळ संख्यांसाठी सांगता येते. क्ष च्या पाचव्या घातातून क्ष वजा केल्यास येणाऱ्या संख्येला नेहमी ३० ने भाग जातो, हे सिद्ध करायला दिल्यावर वर्ग याच कारणाने अडला. वजाबाकीचा तक्ता होत नाही. बाईंनी आधी तिचे अवयव पाडायला लावले: क्ष च्या आधीची संख्या, क्ष, क्ष च्या पुढची संख्या आणि क्ष च्या वर्गात १ मिळवलेली संख्या. पहिल्या तिघी लागोपाठच्या असल्यामुळे त्यांच्यात २ आणि ३ सापडतात. क्ष ला ५ ने भागून बाकी ०, १ किंवा ४ उरली तर ५ त्याच तिघींत असतो, आणि २ किंवा ३ उरली तर चौथीत. २, ३ आणि ५ परस्परांशी सहमूळ असल्यामुळे तिन्ही एकत्र करून ३० म्हणता येते, आणि ४ व ६ बाबत जे करता आले नव्हते ते इथे का करता येते, हे या वेळी मुलांनीच सांगितले.

वेगळे काय करता आले असते

शून्यांचा प्रश्न आधी घेणे ही प्रकरणातील सर्वांत खर्चिक निवड ठरली, असे माझे मत आहे. १० मध्ये २ आणि ५ दोघांचाही घातांक १ आहे, त्यामुळे ‘उपलब्ध किती’ एवढेच पाहिले तरी चालते आणि ‘लागतात किती’ हा दुसरा अर्धा भाग दिसतच नाही. पाठ्यक्रमांत हा प्रश्न पहिला येतो तो त्याच्या आकर्षकपणामुळे. त्याआधी १ ते १० च्या गुणाकाराला ८ ने किती वेळा भाग जातो हा छोटा प्रश्न घेतला असता तर बरे झाले असते. तिथे आठाचा विभाज्य एकच आहे, पण २ एकूण आठ वेळा मिळतो आणि प्रत्येक ८ ला तीन लागतात, म्हणून उत्तर २ येते. मोठ्या मूळ संख्येचा नियम सुचायलाच तिथे जागा नाही.

१२ साठी ३० आधी आणि ५० नंतर द्यायला हवे होते का, याबद्दल मी बाईंशी सहमत नाही. त्यांना आता वाटते की चुकीचे उत्तर आधी आले असते तर वेळ वाचला असता. मला वाटते की बरोबर उत्तर आधी आले म्हणूनच मुलांना आपले कारण तपासावे लागले. उत्तर चुकले असते तर त्यांनी फक्त नियमाला एक अपवाद जोडला असता.

खऱ्या अर्थाने उशिरा लक्षात आलेली गोष्ट वेगळीच होती. काही मुलांची चूक घातांकांच्या विचारात नसून अवयव पाडण्यातच होती. ५१, ५७, ९१ आणि ११९ या संख्या त्यांनी मूळ म्हणून सोडून दिल्या होत्या, प्रत्यक्षात त्या ३ × १७, ३ × १९, ७ × १३ आणि ७ × १७ आहेत. वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरते, म्हणजे ११९ साठी २, ३, ५ आणि ७ एवढेच तपासायचे, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. तक्ता ३० पर्यंतच असल्यामुळे ही उणीव पहिल्या बैठकीत दिसणे शक्य नव्हते. पुढील तुकडीसाठी बाईंनी तक्त्याच्या आधी १२० पर्यंतच्या संख्यांचा एक छोटा सराव ठेवला आहे, आणि बेरजेला तक्ता लागू होत नाही हे १२ व २० चे उदाहरण तक्ता भरल्याच्या दिवशीच द्यायचे ठरवले आहे. लेझाँद्रची रीत पातळ्या मोजून झाल्यावरच सांगायची, हा क्रम मात्र आता दादालाही मान्य आहे.